मिनीडीव्ही टेपांवरची नाटकं : कॅप्चर, एन्कोड आणि डिकोडच्या नोंदी (दादर, जून ते सप्टेंबर २०२५)

काम असं आहे. दादरच्या एका हौशी नाट्यसंस्थेच्या कपाटात ६२ मिनीडीव्ही टेपा (डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) आणि ९ डीव्हीडी आहेत. एकांकिका, दोन अंकी नाटकं, काही संगीत नाटकांचे प्रवेश, तालमी. हे सगळं संगणकावर सुरक्षित मूळ प्रतीत उतरवायचं (कॅप्चर) आणि ते दाबून बघण्याजोग्या छोट्या फाइली करायच्या (एन्कोड); बघताना त्या उलगडतात ते डिकोड. गणपतीच्या दिवसांत संस्थेच्या हॉलमधल्या टीव्हीवर निवडक प्रयोग दाखवायचे, एवढीच वेळेची मर्यादा. अशा टेपा मुंबईत बऱ्याच संस्थांच्या कपाटांत असतील. त्यांना हात घालणाऱ्यांसाठी या नोंदी.

७ जून
मोजणी. ५१ टेपा एसपीमध्ये (नेहमीच्या वेगात) ६० मिनिटांच्या, ११ टेपा एलपीमध्ये (टेप जास्त पुरावी म्हणून संथ वेगात) ९० मिनिटांच्या. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीची एक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची असते, सेकंदाला २५ फ्रेमा. म्हणजे तासाला १२.९६ जीबी. सगळ्या टेपा पूर्ण भरलेल्या धरल्या तर सुमारे ८७५ जीबी. त्यामुळे २ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, एक दादरला आणि एक ठाण्याला राहील.

मूळ प्रत कुठल्या रूपात ठेवायची यावर अर्धा दिवस गेला. एफएफव्ही१ (व्हिडिओ साठवायचं एक रूप) लॉसलेस आहे, म्हणजे दाबताना काही गमावत नाही; २०२१ साली त्याचं आरएफसीही (इंटरनेटच्या तंत्रांचा जाहीर दस्तऐवज) निघालं, म्हणून आधी तेच ठरवलं होतं. एका टेपेवर करून पाहिलं तर तासाची फाइल २३ जीबी झाली. कारण उघड आहे : डीव्ही टेपेवर मुळातच दाबलेलं असतं, ते उलगडून पुन्हा लॉसलेस केलं की फुगतं. शिवाय प्रत्येक फ्रेमबरोबर टेपेवर असलेली चित्रीकरणाची तारीख, वेळ आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळक्रमांक) त्या फेऱ्यात गळून पडतात. व्हीएचएससारखी अॅनालॉग टेप असती तर एफएफव्ही१ योग्यच ठरलं असतं. डीव्हीसाठी टेपेवरचे बिट जसेच्या तसे उतरवलेली रॉ डीव्ही फाइल हीच मूळ प्रत.

१० जून
लॅमिंग्टन रोडवरून कॅमेरा संगणकाला जोडायचं जुनं पीसीआयई फायरवायर कार्ड, १,४०० रुपये. ४ पिन ते ६ पिन केबल ४५० रुपये. मशीनवर लिनक्स, कॅप्चरला डीव्हीग्रॅब हा प्रोग्राम.

दर दहा-पंधरा मिनिटांनी कॅमेरा यादीतून गायब व्हायचा आणि कॅप्चर थांबायचं. कार्ड खराब म्हणून दुसरं आणलं, १,६०० रुपये. दोष तसाच. शेवटी केबल बदलली (४५० रुपये) आणि प्रश्न मिटला. ४ पिनचं टोक कॅमेऱ्यात सैल बसत होतं. आधी केबल बदलून बघायला हवी होती. १,६०० रुपये आणि चार दिवस गेले.

केबल लावताना कॅमेरा आणि मशीन दोन्ही बंद ठेवा. ६ पिनच्या टोकातून वीजही येते. ते तिरकं किंवा उलटं घुसलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं, आणि चालू स्थितीतला मिनीडीव्ही कॅमेरा आता सहज मिळत नाही.

१५ जून
डीव्हीग्रॅब मूळ सेटिंगवर १०२४ एमबी झाले की नवी फाइल सुरू करतो. पहिल्या टेपेचे १३ तुकडे झाले. आकाराची मर्यादा शून्य दिली की एकच फाइल होते. आधीचे तुकडे वाया गेले नाहीत. तुकडे फ्रेमच्या सीमेवरच पडतात, त्यामुळे रॉ डीव्ही फाइली एकापुढे एक नुसत्या चिकटवल्या तरी चालतं.

कॅप्चरनंतरची पहिली तपासणी फुकटातली आहे : फाइलचा आकार १,४४,००० ने पूर्ण भागला गेला पाहिजे. बाकी उरली तर शेवटची फ्रेम अर्धवट आहे. दुसरी तपासणी टाइमकोडची. तो सलग चढत जायला हवा. मध्ये उडी असेल तर तिथे एक तर चित्रीकरण थांबलं होतं किंवा फ्रेमा गळल्या आहेत. आतल्या तारीख-वेळेतही उडी दिसली तर चित्रीकरण थांबलेलं. तारीख-वेळ सलग असून टाइमकोड तुटला असेल तर टेप पुन्हा लावायची.

२२ जून
पावसाळी हवा लागली. टेपांचं कपाट उघड्या खोलीत, कॅमेरा एसीच्या खोलीत. थंड कॅमेऱ्यात दमट हवा शिरून आत ओल धरली आणि त्याने ड्यूची सूचना देऊन टेप घ्यायलाच नकार दिला. ती सूचना ओलांडायचा प्रयत्न करू नका. ओल्या ड्रमला (टेप ज्याभोवती फिरते त्या भागाला) टेप चिकटली तर टेप जाते आणि टेप वाचणारं हेडही. आता टेपा आणि कॅमेरा आदल्या रात्री एकाच खोलीत, सिलिका जेल घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवतो.

सातव्या टेपेपासून चित्रात चौकोनी ठिगळं आडव्या पट्ट्यांत दिसू लागली. हेडवर मळ. क्लीनिंग कॅसेट १० सेकंद चालवली, पट्टे गेले. ही कॅसेट हेड घासते, म्हणून पट्टे दिसल्याशिवाय लावायची नाही.

चार टेपांवर क्लीनिंगनंतरही ठिगळं राहिली, पण गंमत अशी की प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. अशा टेपा तीन-तीनदा कॅप्चर केल्या आणि डीव्हीरेस्क्यू या प्रोग्रामने त्या तीन प्रती एकत्र केल्या. तो प्रत्येक फ्रेमचे ब्लॉक (छोटे चौकोन) तपासून ज्या प्रतीत ब्लॉक शाबूत आहे तिथून उचलतो. एका टेपेवर १,१८० सदोष फ्रेमा होत्या, एकत्र केल्यावर ४१ उरल्या. एन्कोडरच्या कुठल्याही सेटिंगने इतका फायदा पुढच्या तीन महिन्यांत झाला नाही.

एलपी टेपांची कहाणी वेगळी. एसपीमध्ये ट्रॅक (टेपेवरची नोंदीची पट्टी) १० मायक्रॉन रुंद असतो, एलपीमध्ये ६.७. ज्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण झालं त्यावरच त्या नीट वाजतात असा अनुभव आला. ११ पैकी ७ आमच्या कॅमेऱ्यावर वाचल्या गेल्या, ४ बाजूला ठेवल्या.

२९ जून
दोन टेपांवर नाटक सुरू झाल्यावर आवाज जड आणि संथ, शिवाय ओठांशी जुळेना. टेपेच्या सुरुवातीला कोणीतरी तालीम ३२ किलोहर्ट्झ (सेकंदाला ३२ हजार नमुने), १२ बिट आवाजात घेतली होती आणि तिसऱ्या घंटेपासून प्रयोग ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्ये. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने फाइलच्या डोक्यावरचा दर धरला आणि तोच पुढे लावला. उपाय : आवाजाचा दर जिथे बदलतो तिथे फाइल कापायची. डीव्हीरेस्क्यूबरोबर येणारं पॅकेजर हे काम आपोआप करतं.

दुसरी भानगड घरगुती कॅमेऱ्यांची. त्यांत आवाजाचं घड्याळ चित्राशी बांधलेलं नसतं. फ्रेममागे सरासरी १९२० नमुने हवेत, पण प्रत्यक्षात थोडे कमी-जास्त येतात. सलग तासाभराच्या टेपेवर शेवटी ३ फ्रेमांइतका फरक पडला. टेप सलग असेल तर आवाज एकूण लांबीवर ताणून बसवायचा, मध्ये कापून नाही.

६ जुलै
पहिला एन्कोड. एक्स२६५ (एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ दाबणारा एन्कोडर), प्रीसेट स्लो (संथ पण काटेकोर), सीआरएफ २० (गुणवत्तेचा आकडा; कमी म्हणजे चित्र चांगलं, फाइल मोठी). फिल्टरांची साखळी : आधी मोठं करणं, मग डीइंटरलेस (फ्रेममधली दोन विणलेली अर्धी चित्रं वेगळी करणं). ही चूक होती. फ्रेममध्ये दोन फील्ड (अर्धी चित्रं) एकाआड एक ओळींत विणलेले असतात. उभ्या दिशेने आकार बदलला की दोन्ही फील्ड एकमेकांत कालवले जातात आणि नंतर कुठलाही डीइंटरलेसर त्यांना वेगळं करू शकत नाही. हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा, त्याही पुसट आणि कायमच्या. चार टेपांचे रात्रभराचे एन्कोड फेकून दिले. क्रम पक्का केला : डीइंटरलेस, मग नॉइज (चित्रातली खरखर) काढणं, मग कडा छाटणं आणि आकार, शेवटी रंग.

काहींचा सल्ला होता की इंटरलेस (विणलेले फील्ड) तसंच ठेवून एन्कोड करावं. एच.२६४ या जुन्या पद्धतीत त्यासाठी मॅक्रोब्लॉक (१६ बाय १६ पिक्सेलांचा चौकोन) पातळीवरची सोय आहे. एच.२६५ मध्ये ती नाही. त्यामुळे एच.२६५ ला जायचं असेल तर डीइंटरलेस करूनच.

१० जुलै
नऊ डीव्हीडींमध्ये चालणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत होता. पाल डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. आमच्या स्क्रिप्टने तेच सगळ्यांवर लादलं होतं. डीव्हीडी कुठल्यातरी एडिटिंगमधून आलेल्या, त्यांत वरचं फील्ड आधी. आता प्रत्येक फाइलच्या मधल्या भागातल्या २,००० फ्रेमांवर आयडेट (फील्डचा क्रम ओळखणारा एफएफएमपेगचा फिल्टर) चालवतो आणि त्याचं उत्तर पाहून स्क्रिप्ट ठरवते. मधलाच भाग, कारण सुरुवातीला पडदा बंद असतो, हालचाल नसते आणि आयडेटला काही ठरवता येत नाही. दोन टेपा आयडेटने सरळ प्रोग्रेसिव्ह (विणलेले फील्ड नसलेल्या) सांगितल्या. कॅमेऱ्यात तसा मोड चालू राहिला होता. त्यांना डीइंटरलेस लावलंच नाही.

१३ जुलै
२५ फ्रेमा की ५०? प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून ५० ठेवल्या. लावणीच्या तालमीत २५ वर पदर आणि हात तुटक दिसतात, ५० वर प्रत्यक्ष कॅमेऱ्याने जे पाहिलं ते मिळतं. फाइल दुप्पट होईल ही भीती खोटी ठरली. त्याच सीआरएफवर २८ टक्के वाढ झाली, कारण लागोपाठच्या फ्रेमा जवळच्या असल्याने अंदाज चांगला बसतो.

याडिफ, बीडब्ल्यूडिफ आणि क्यूटीजीएमसी हे तिन्ही डीइंटरलेसर एकाच दहा मिनिटांच्या तुकड्यावर लावले. याडिफमध्ये पायऱ्यांच्या आणि चौकटीच्या आडव्या कडा फडफडतात. बीडब्ल्यूडिफमध्ये बऱ्याच कमी. क्यूटीजीएमसी सर्वांत स्थिर, आणि कडा स्थिर असल्यामुळे पुढची फाइलही ११ टक्के लहान. मात्र तो नॉइजसकट चेहऱ्यावरचा पोतही थोडा गुळगुळीत करतो आणि आमच्या ८ कोअरच्या मशीनवर सेकंदाला ४५ फ्रेमांच्या वर जात नाही. नेपथ्यात आडव्या कडा भरपूर असलेल्या १४ टेपांना क्यूटीजीएमसी, बाकीच्यांना बीडब्ल्यूडिफ.

१९ जुलै
नाट्यगृहातलं चित्रीकरण म्हणजे स्पॉटखाली एक चेहरा आणि भोवती काळोख. घरगुती कॅमेरा अशा वेळी गेन, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवतो आणि काळोखात मुंग्या धावतात. एन्कोडरच्या दृष्टीने त्या मुंग्या म्हणजे हालचालच. दहा मिनिटांच्या अंधाऱ्या तुकड्याला सीआरएफ २० वर ४.६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागले, ३४५ एमबी. त्यातला बराचसा खर्च कोणालाही बघायच्या नसलेल्या गोष्टीवर.

एक्स२६५ चं ट्यून ग्रेन हे सेटिंग लावून पाहिलं. ते फिल्मचा दाणा जपण्यासाठी आहे, म्हणून त्याने मुंग्याही इमाने जपल्या आणि फाइल दुपटीच्या वर गेली. काढून टाकलं.

एचक्यूडीएन३डी हा नॉइज काढणारा फिल्टर जोरात लावला तर हलत्या हातामागे सावली ओढल्यासारखी दिसली. तशाच कामाचा एनएलमीन्स हलक्या मात्रेत लावल्यावर तोच तुकडा २.३ एमबीपीएस, १७२ एमबी. चेहरा जवळजवळ तसाच. किंमत वेळेत : सेकंदाला १८ फ्रेमा, म्हणजे तासाच्या टेपेला पावणेतीन तास. म्हणून फक्त २६ अंधाऱ्या टेपांना लावायचा. मात्रा ठरवताना भुवया आणि दाढीचे खुंट बघावेत. तिथला तपशील गेला की मात्रा जास्त झाली. नटाच्या चेहऱ्यावरचा भाव जाणार असेल तर फाइल मोठी राहिलेली बरी, यावर आमच्यात दुमत नाही.

२४ जुलै
सीआरएफ कितीवर थांबायचं हे डोळ्यांवर न सोडता व्हीएमएएफने मोजायचं ठरवलं. नेटफ्लिक्सने २०१६ साली खुलं केलेलं हे मोजमाप एन्कोड मूळ चित्राच्या किती जवळ आहे याला ० ते १०० गुण देतं. पहिला आकडा ६१ आला, जो अशक्य होता. मूळ तुकडा आणि एन्कोड यांत एका फ्रेमचा फरक होता. दोन्हींचे टाइमस्टँप शून्यावर आणल्यावर ९५.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. एफएफएमपेगमध्ये आधी एन्कोड केलेली फाइल आणि नंतर मूळ असा क्रम असतो. उलटा दिला तरी आकडा येतो, पण चुकीचा. दुसरं, मूळ म्हणून इंटरलेस डीव्ही देऊन चालत नाही. डीइंटरलेस आणि नॉइज काढून झालेली प्रत तात्पुरती लॉसलेस ठेवायची आणि तिच्याशी तुलना करायची, नाहीतर फिल्टरांचा बदल कॉम्प्रेशनच्या खात्यात पडतो. तिसरं, नेहमीचं मॉडेल १०८० ओळींचं चित्र पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून बघणाऱ्या माणसासाठी आहे. म्हणून दोन्ही फाइली १४४० बाय १०८० करून मोजल्या.

सीआरएफ १८ ला ९६.३, २० ला ९५.१, २२ ला ९३.४, २४ ला ९०.८. सरासरीवर विसंबू नका. २२ ला सरासरी चांगली दिसते, पण सर्वांत खराब १ टक्का फ्रेमांचा आकडा ७९ होता, आणि त्या सगळ्या फ्रेमा दिवे मंद होत जातानाच्या. २० ला तोच आकडा ८७. म्हणून २०.

दिवे मंद होतानाच का? एन्कोडरकडे फेडसाठी (चित्र हळूहळू काळं होण्यासाठी) वेटेड प्रेडिक्शन असतं, पण ते संदर्भफ्रेमला (जिच्यावरून पुढच्या चित्राचा अंदाज बांधतात तिला) एकच गुणक लावतं. सिनेमातला फेड सगळं चित्र सारखं काळं करतो. रंगमंचावर डावा स्पॉट विझतो आणि उजवा तसाच राहतो, एका गुणकात ते बसत नाही. लुकअहेड (एन्कोडर पुढच्या किती फ्रेमा आधी बघतो) ६० फ्रेमांवर नेल्याने थोडा फायदा झाला.

२ ऑगस्ट
व्हीएमएएफ ९५, आणि तरी चित्र चुकीचं. इंटरनेटसाठी १४४० बाय १०८० ची प्रत केली होती. संस्थेतल्या एका ताईंनी बघताच सांगितलं की कुंकू शेंदरी दिसतंय आणि हिरवी नऊवारी मळकट. त्या प्रयोगाची वेशभूषा त्यांनीच केली होती, म्हणून नजर बरोबर तिथे गेली.

एसडी (टेपेसारख्या कमी ओळींच्या) चित्राचे रंग बीटी.६०१ च्या गणिताने मांडलेले असतात, एचडीचे (१०८० सारख्या जास्त ओळींचे) बीटी.७०९ च्या. आम्ही आकार एचडीचा केला, गणित तसंच ठेवलं आणि फाइलीत कुठलं गणित आहे हे सांगणारा टॅगही घातला नाही. प्लेअरने ओळींची संख्या बघून ७०९ धरलं. असं झालं की लालात हिरव्याची भर पडून तो केशरीकडे झुकतो आणि हिरवा गडद होतो. व्हीएमएएफला हे कळणं शक्यच नव्हतं : ते फक्त उजळपणाची पातळी मोजतं, रंग बघत नाही.

उपाय : स्केल करताना इनपुट ६०१ आणि आउटपुट ७०९ हे दोन्ही स्पष्ट सांगायचं आणि एन्कोडरलाही ७०९ चे टॅग द्यायचे. ७६८ बाय ५७६ च्या प्रतीत गणित बदलायचं नाही, फक्त पाल ६०१ चे टॅग. १९ फाइली पुन्हा केल्या, दोन रात्री गेल्या. आता प्रत्येक फाइलीची एक फ्रेम मूळ डीव्हीच्या फ्रेमशेजारी ठेवून लाल, हिरवा आणि त्वचेचा रंग बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

त्याच दिवशी आकाराचं प्रमाणही नीट केलं. ७२० मधल्या डाव्या-उजव्या ८-८ पिक्सेलांत बहुतेक काळी कड असते. ती छाटून ७०४ उरतात, पिक्सेलचं प्रमाण १२:११, म्हणजे चौरस पिक्सेलांत बरोबर ७६८. आधी ७२० ताणून ७६८ केलं होतं, त्यात माणसं दोन टक्के बारीक दिसत होती.

६ ऑगस्ट
स्पॉटखाली पांढरं धोतर नुसता पांढरा ठिपका झालं होतं. निऱ्या गायब. मूळ टेपेवर निऱ्या दिसतात. व्हिडिओत उजळपणाच्या ० ते २५५ च्या पट्टीवर पांढरा २३५ वर धरतात, पण कॅमेरे त्याच्या वर, २५४ पर्यंतही लिहितात. शीर्षकपट्टी जोडायला फाइल एडिटरमधून नेली होती. त्याने आत आरजीबी (लाल-हिरवा-निळा) केलं आणि २३५ च्या वरचं सगळं कापलं. एडिटर साखळीतून काढला, पट्टी एफएफएमपेगमध्येच जोडली. १० बिटमध्ये नेऊन २०० च्या वरचा भाग असा आवळला की २५४ चा २३५ होईल. निऱ्या परत आल्या.

११ ऑगस्ट
निळ्या सायक्लोरामावर (रंगमंचामागच्या पडद्यावर) पट्टे. प्रकाश वरून खाली हळूहळू कमी होतो तिथे डोंगराच्या नकाशासारख्या रेषा पडल्या. मूळ ८ बिट असलं तरी १० बिटमध्ये एन्कोड केल्याने बराच फरक पडतो, कारण आतली गोळाबेरीज बारीक होते. त्यावर एक्यू मोड ३, जो अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. एसएओ (चित्र गुळगुळीत करणारा एन्कोडरचा फिल्टर) बंद केल्यावर कापडाचा पोतही थोडा परतला. फाइल ७ टक्के वाढली, आनंदाने दिली.

१५ ऑगस्ट
एव्ही१ (एच.२६५ नंतरची पद्धत) करून पाहिलं. एसव्हीटी-एव्ही१ हा एन्कोडर, प्रीसेट ४, सीआरएफ ३०. जवळपास त्याच व्हीएमएएफला फाइल एक्स२६५ पेक्षा २४ टक्के लहान. डेव्हिड डिकोडर लॅपटॉपवर अगदी हलका चालतो. पण सभासदांकडच्या जुन्या फोनांत एव्ही१ चं हार्डवेअर डिकोडिंग नाही आणि टीव्हीत तर नाहीच. बघणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, त्यांना प्लेअर बदलायला सांगणं बरोबर नाही. एव्ही१ सध्या बाजूला.

ग्राफिक्स कार्डाचा हार्डवेअर एन्कोडरही तपासला. तासाची टेप सहा मिनिटांत होते, पण अंधाऱ्या प्रवेशांत त्याच गुणवत्तेला दीडपट बिट मागतो. टेपेवर काय आहे याची यादी करण्यापुरत्या प्रतींना ठीक.

१८ ऑगस्ट
प्रत्येक तयार फाइल पूर्ण डिकोड करून फ्रेमनिहाय एमडी५ (एक बिट बदलला तरी बदलणारी ठसा-संख्या) काढतो. एका फाइलीचे एमडी५ दादरच्या आणि ठाण्याच्या मशीनवर जुळेनात. ४,३११ व्या फ्रेमपासून पुढच्या की-फ्रेमपर्यंत (दुसऱ्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण फ्रेमपर्यंत) फरक.

एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये उलट रूपांतर (दाबलेल्या आकड्यांतून पिक्सेल परत काढणं) पूर्णांकांत ठरवून दिलेलं आहे. बरोबर डिकोडर कुठलाही असो, प्रत्येक पिक्सेल तोच आला पाहिजे. फरक म्हणजे दोष, दुसरा अर्थ नाही. दादरच्या मशीनवर तीच फाइल तीनदा डिकोड केली, एकदा वेगळं उत्तर आलं. रॅम तपासली तर दोनपैकी एक पट्टी सदोष. बदलली, २,१०० रुपये. त्या मशीनवर आधी झालेल्या ३३ एन्कोडांचं काय? डिकोडमध्ये एक बिट फिरला तर पुन्हा डिकोड करता येतं. एन्कोडच्या वेळी फिरला असेल तर तो फाइलीत कायमचा गेला. ३३ ही पुन्हा केले. मूळ डीव्ही फाइलींची शा-२५६ बेरीज (तशीच ठसा-संख्या) कॅप्चरच्या दिवशी दोन्ही डिस्कवर स्वतंत्र काढली होती, त्या सगळ्या जुळल्या, हा मोठा दिलासा.

इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. वेगवेगळ्या मशीनवर केलेला एक्स२६५ चा *एन्कोड* वेगळा येऊ शकतो. तो कोअरच्या संख्येवरून फ्रेम-थ्रेड (एकाच वेळी किती फ्रेमांवर काम करायचं) ठरवतो आणि त्याप्रमाणे निर्णय बदलतात, तो दोष नाही. आणि डीव्हीमध्ये, एमपेग-२ सारखंच, उलट रूपांतराला थोडी सूट असते. दोन डिकोडरांत एखाद्या पातळीचा फरक निघाला तर घाबरू नका, पण एका कामाला एकच डिकोडर वापरा.

२१ ऑगस्ट
आवाज. लाउडनॉर्म (आवाजाची पातळी सारखी करणारा फिल्टर) एका फेरीत लावला तर तो संवादातल्या शांततेत प्रेक्षकांचा खोकला वर उचलतो. शिवाय त्या पद्धतीत तो आवाज १९२ किलोहर्ट्झवर नेऊन देतो. त्यावरून एएसी (फाइलीतला दाबलेला आवाज) ९६ किलोहर्ट्झचा झाला आणि दोन फोनांवर आवाजच येईना. दोन फेऱ्या, लिनिअर (सगळीकडे एकच वाढ देणारी) पद्धत आणि शेवटी ४८ किलोहर्ट्झ स्पष्ट सांगणं, हा उपाय.

एका हॉलशेजारून लोकल जाते, तिची घरघर काढायला ८० हर्ट्झखालचं सगळं कापलं. त्याबरोबर नाट्यसंगीतातल्या डग्ग्याचा घुमारा गेला. ४० वर आणलं. घरघर थोडी राहिली, डग्गा पूर्ण राहिला.

२४ ऑगस्ट
चतुर्थी २७ ला, आज हॉलच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून चाचणी. टीव्ही जुना, एच.२६५ घेत नाही. म्हणून एच.२६४ प्रत. पहिल्या फाइलीत नुसता आवाज, चित्र काळं. साखळी १० बिट असल्याने एक्स२६४ नेही १० बिट लिहिलं, आणि असा एच.२६४ फारच कमी हार्डवेअर वाचतं. पिक्सेलचा प्रकार ८ बिट ४:२:० असा सक्तीने दिला. दुसऱ्या फाइलीत चित्र आलं पण अडखळत : १४४० बाय १०८०, ५० फ्रेमा म्हणजे सेकंदाला ३,०६,००० मॅक्रोब्लॉक, आणि लेव्हल (हार्डवेअरच्या क्षमतेची ठरलेली पायरी) ४.१ ची मर्यादा २,४५,७६०. टीव्ही ४.१ पर्यंतच. ७६८ बाय ५७६, ५० फ्रेमा हे ८६,४०० मध्ये बसतं, लेव्हल ३.१. ती फाइल गुळगुळीत चालली. १० वरून ८ बिटला उतरताना डिथर (मुद्दाम घातलेली बारीक खरखर) लावलं, नाहीतर निळे पट्टे परत येतात.

फोनांसाठी एच.२६५ च्या एमपी४ ला एचव्हीसी१ हा टॅग द्यावा लागतो. एफएफएमपेग स्वतःहून एचईव्ही१ देतो आणि आयफोन ती फाइल उघडत नाही. पुन्हा एन्कोड नको, नुसतं कॉपी करून टॅग बदलतो. त्याच फेरीत फास्टस्टार्टही द्या, म्हणजे फाइल पूर्ण उतरायची वाट न बघता सुरू होते. की-फ्रेम २५० वर, म्हणजे पाच सेकंदांनी एक, ओपन जीओपी (की-फ्रेमच्या पलीकडच्या फ्रेमांवर विसंबणं) बंद. प्रवेश शोधत पुढे-मागे जाणाऱ्यांना एवढं पुरतं.

१३ सप्टेंबर
गणपतीत पाच संध्याकाळी सात प्रयोग दाखवले, कुठेही अडखळलं नाही. आजचा हिशोब : ५८ टेपा आणि ९ डीव्हीडी पूर्ण. मूळ डीव्ही ७९१ जीबी. एच.२६५ प्रती ६३ जीबी. कार्डं, केबली, क्लीनिंग कॅसेट, रॅम मिळून ६,९०० रुपये, डिस्क वेगळ्या. मशीन एन्कोडवर सुमारे ४१० तास चाललं, त्यातले १५० तास चुकांमुळे पुन्हा केलेल्या कामाचे.

पुढच्यांसाठी शेवटची सेटिंग : एक्स२६५ १० बिट, प्रीसेट स्लो, सीआरएफ २०, एक्यू मोड ३, एसएओ बंद, लुकअहेड ६०, की-फ्रेम २५०, ओपन जीओपी बंद, ७६८ बाय ५७६, ५० फ्रेमा, पाल ६०१ टॅग, एएसी १६० केबीपीएस ४८ किलोहर्ट्झ.

चार एलपी टेपा अजून वाचल्या जात नाहीत. लेबलांवरच्या अक्षरावरून त्या ज्याने चित्रित केल्या त्या सभासदाचा माग गिरगावात लागला आहे, आणि त्यांचा मूळ कॅमेरा माळ्यावर आहे असं कळलं. पुढच्या आठवड्यात तो खाली काढायचा. आधी दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात, मग हेड साफ, मग एक कोरी टेप चालवून बघायची. या चार त्यानंतर.